केस सरळ करून या

ऑगस्ट २०१६. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया गर्ल्स हायस्कूलच्या काळ्या मुली मनगटांची फुली करून, हात उंचावून उभ्या आहेत. समोर सुरक्षारक्षक. त्यांच्यात तेरा वर्षांची झुलायखा पटेल, डोक्यावर भरघोस अफ्रो. मागणी एवढीच, की केस जसे उगवतात तसे ठेवू द्या.

हे केस खाली पडत नाहीत, बाहेर फुलतात. ‘केस नीटनेटके हवेत’ असं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र सरळ केस असतात. नियमात वर्णाचा उल्लेख नाही, म्हणून शाळेला वाटतं, आपण भेदभाव करतच नाही. आपल्याकडेही लाल रिबिनींची सक्ती होतीच की! पण तेल लावून दोन वेण्या घातल्या की सुटका. या मुलींना सांगितलं जात होतं, केस सरळ करून या.

फोटो जगभर गेले. प्रांताचे शिक्षणमंत्री पन्याझा लेसुफी शाळेत आले आणि केसांचा नियम स्थगित झाला.

डिसेंबर २०१८, न्यू जर्सी. शाळेची कुस्ती. गोरा पंच सोळा वर्षांच्या काळ्या मुलाला सांगतो, ड्रेडलॉक्स (दोरीसारख्या वळलेल्या बटा) काप, नाहीतर सामना सोड. मॅटशेजारीच कात्री चालते. पोरगा जिंकतो, चेहरा जिंकल्यासारखा दिसत नाही. पंचावर पुढे दोन हंगामांची बंदी आली, आणि बरोबर वर्षाने त्याच तारखेला राज्यात केसांवरून भेदभाव रोखणाऱ्या ‘क्राउन’ कायद्यावर सही झाली.

टेक्ससमध्ये हाच कायदा १ सप्टेंबर २०२३ला लागू झाला. त्याच आठवड्यात ड्रेडलॉक्स डोक्यावर बांधून येणाऱ्या एका विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढलं. शाळा म्हणाली, आक्षेप लांबीवर आहे, ठेवणीवर नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायाधीशांनी ते मान्य केलं. लांबीशिवाय ड्रेडलॉक्स बांधायचे कसे, कोण जाणे!

बाकी रोजचं आहेच. न विचारता काळ्या पोरीच्या केसांत हात घालायचा, वर ‘खरे आहेत का?’ अशा वेळी शेजारच्या मित्राने ‘हात काढ’ म्हटलं, की प्रत्येक वेळी त्याच पोरीला भांडावं लागत नाही.

ब्रिटनमध्ये काळ्या तरुणांनी २०२०मध्ये ‘हेलो कोड’ लिहिला, म्हणजे काळ्या माणसांना केस हवे तसे ठेवू देण्याचं वचन. शाळा आणि कंपन्या तो स्वीकारतात. ऑक्टोबर २०२२मध्ये तिथल्या समानता आयोगानेही शाळांना बजावलं, अफ्रो, वेण्या, ड्रेडलॉक्स यांवर सरसकट बंदी बहुधा बेकायदा ठरेल. तिथल्या पालकांनी आधी शाळेकडून नियम लेखी मागावा आणि आयोगाचा हा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावा.