‘ओळखलंत का मला?’ हे विचारणं आधी बंद करा | रेमिनिसन्स थेरपी

नमस्कार मंडळी! वृद्धाश्रमात भेटायला गेलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. “आजी, ओळखलंत का मला?” दुसरा, “सकाळी काय खाल्लंत?” आजींना दोन्ही आठवत नाही. दोन मिनिटांत आपण त्यांना नापास करून टाकतो, आणि मग अर्धा तास आपण मोबाइलकडे बघतो, त्या भिंतीकडे.

म्हणून आज रेमिनिसन्स थेरपी. नाव जड आहे, काम तसं नाही. जुना फोटो, वस्तू, गाणं, वास असं काहीतरी पुढ्यात ठेवून आठवणी बोलत्या करायच्या. एकट्याशी किंवा छोट्या गटात, पण ठरवून, नेमानं आणि तयारीनिशी.

एके काळी तज्ज्ञांनाच हे पटत नव्हतं. म्हातारं माणूस जुन्यात रमलं, म्हणजे डोकं थकलं, असा समज होता. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं उलट मांडलं. शेवट जवळ आला की माणूस आयुष्याचा हिशेब पुन्हा तपासतो, अर्धवट राहिलेलं उकरून बघतो, आणि हे अगदी स्वाभाविक आहे, असं त्याचं म्हणणं.

आता मुद्द्याचं. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी आधी निसटतात, जुन्या जास्त काळ टिकतात. त्यातही साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यांच्याच मनात दाट असतात. मग करा गणित. आज ८० च्या आसपास असलेल्या आजींसाठी तो काळ म्हणजे अंदाजे १९५५ ते १९७५. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, रॉकेलचा स्टोव्ह, १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ. आणि आपण काय करतो? ‘जुनं’ म्हणून भिंतीवर स्वातंत्र्यलढ्याचे फोटो लावतो. अहो, ४७ साली त्या आजी धड बोलतही नव्हत्या!

समजा, पंपाचा पितळी स्टोव्ह मिळाला. रिकामा हं, रॉकेलशिवाय! तो दाखवून “हे काय आहे, सांगा बघू” असं विचारू नका, ती पुन्हा परीक्षाच झाली. बर्नरचं भोक मोकळं करायची पिन त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, “मला काही ही पिन मारता येईना.” मग गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यांत अवघड जातं, कारण आपल्याला शांतता भरून काढायची घाई असते. हात आपोआप बर्नरकडे जातो. मग रेशनच्या रॉकेलची रांग येते, सासू येते, भडकलेला स्टोव्ह येतो. साल चुकलं, भावाचं नाव चुकलं, तर चुकू द्या. आपण पंचनामा करायला बसलेलो नाही.

डेन्मार्कमध्ये ऑर्हूस इथल्या ‘डेन गॅमले ब्यू’ या खुल्या संग्रहालयानं तर यासाठी १९५० च्या दशकातलं घरच सजवलंय. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असलेली मंडळी आपल्या काळजीवाहकांसोबत तिथं जातात, कॉफी पितात, त्या काळातली गाणी म्हणतात. आपल्याकडे एवढा थाट कशाला? एक ट्रंक पुरते.

पण याला जादू समजू नका. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून पारखते. तिच्या २०१८ च्या आढाव्यात २२ अभ्यास तपासले होते. फायदा दिसला, पण छोटा, आणि सगळीकडे सारखा नाही. त्यातल्या त्यात केअर होममध्ये राहणाऱ्यांच्या जगण्याच्या दर्जात फरक दिसला. उलट ब्रिटनमध्ये रुग्ण आणि नातेवाईक यांना एकत्र बसवून केलेल्या एका मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाहीच, शिवाय नातेवाइकांची चिंता किंचित वाढली. स्मृती परत येईल, या आशेनं कुणी हे करत असेल तर थांबा. बरा तास जावा, बोलणं व्हावं, एवढ्यासाठी करा.

आणि एक सावधगिरी. पुण्यातल्या वृद्धाश्रमात १२ जुलै १९६१ चा विषय सहज निघतो. पानशेत फुटलं तेव्हा कुणी शाळा बुडाली म्हणून हसत सांगेल, तर कुणाचं घर, माणूस त्या पाण्यात गेलेलं असेल. डोळे भरून आले, तर “जाऊ द्या हो, रडू नका” म्हणत लगेच विषय बदलू नका. जवळ बसा, ऐका. पण तीच आठवण रोज छळू लागली, झोप उडाली, तर डॉक्टरांना सांगा.

शेवटची गोष्ट कंटाळवाणी आहे, पण कराच. जे निघालं ते लिहून ठेवा. पलंगाशेजारी एक कार्ड. ‘गिरणीत साचाखात्यात होते. कबड्डी खेळायचे. लता आवडते. पुराचा विषय नको.’ म्हणजे देखभाल करणाऱ्या मावशींची ड्युटी बदलली, तरी सकाळी अंघोळ घालताना नव्या मावशीकडे बोलायला काहीतरी असेल.