विश्वासानं प्रार्थना करायची म्हणजे काय करायचं?

बंधुभगिनींनो, बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 12. हेरोद राजानं योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारलं. ते लोकांना आवडलं म्हणून त्यानं पेत्रालाही धरलं आणि सोळा शिपायांच्या पहाऱ्यात ठेवलं. मंडळी प्रार्थना करू लागली. रात्री पेत्र सुटला आणि मार्काची आई मरीया हिच्या दाराशी येऊन ठोठावू लागला. आत पुष्कळ जण जमले होते, त्याच्याच सुटकेसाठी देवाला आळवत होते. रुदा नावाची मुलगी दाराशी गेली, तिनं आवाज ओळखला, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली. ‘पेत्र आलाय!’ आणि ही प्रार्थना करणारी माणसं तिला काय म्हणाली? ‘तू वेडी आहेस.’ ती हट्टाला पेटली, तेव्हा ती माणसं म्हणाली, ‘मग त्याचा देवदूत असेल.’ देवदूत दाराशी येईल हे त्यांना पटलं, पण ज्याच्यासाठी रात्रभर गुडघे टेकले तोच येईल हे पटेना!

हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकानं हे खुशाल लिहून ठेवलं याचं मला फार कौतुक वाटतं. पहिल्या मंडळीची अब्रू झाकावी असं त्याला वाटलं नाही. त्या लोकांची प्रार्थना कळकळीची होती, पण ऐकली जाईल अशी खात्री त्यांना नव्हती. का असावी? याकोबासाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल का? तो तर मारला गेला होता. ते दुःख ताजं असतानाच ही माणसं पेत्रासाठी पुन्हा जमली. मी याला विश्वास म्हणतो.

आपल्याकडे मात्र विश्वास म्हणजे मनातली पक्की खात्री, असं समीकरण होऊन बसलंय. शंका आली की प्रार्थना नापास. मग एखाद्या घरात आजारी माणूस गेला की सांत्वनाला आलेलाच कोणीतरी म्हणतो, ‘विश्वास कमी पडला असेल.’ आधीच मोडलेल्या आईबापांच्या डोक्यावर हा आणखी एक धोंडा. स्पष्ट बोलतो, हे क्रौर्य आहे, आणि त्याला शुभवर्तमानात आधार नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायातला तो बाप आठवा. लहानपणापासून फेपरं येणारा मुलगा, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांनी हात टेकलेले. बाप प्रभूला म्हणतो, ‘आपल्याच्यानं काही होत असेल तर करा.’ प्रभू त्या ‘असेल तर’ला हरकत घेतो. त्यावर तो ओरडून म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एकाच दमात दोन्ही गोष्टी. प्रभूनं त्याला, ‘जा, विश्वास पुरता वाढवून ये’ असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला. त्या बापानं आपली शंका लपवली नव्हती, ज्याच्याकडे मागायचं त्याच्याच पुढे ठेवली होती.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरची तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेली पत्रं वाचली तर त्यात गोडगोड धार्मिक भाषा सापडत नाही. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धान्त पटत नाही, चर्चच्या अधिकारापुढे मी माझी सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवणार नाही, असा बाईंचा रोखठोक सूर. आणि 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच मोकळेपणानं सांगितलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली. मधल्या काळात त्यांनी विश्वासाचं सोंग आणलं असतं तर कोणाला कळलं असतं? विधवांसाठी शारदा सदन तर 1889 मध्येच सुरू झालं होतं. जग वाखाणत होतं.

याच बाईंनी 1905 च्या जानेवारीत केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये रोजच्या प्रार्थनेला मुलींना बोलावलं. सुरुवातीला सत्तरएक जणी आल्या, जूनपर्यंत आकडा साडेपाचशेच्या घरात गेला. त्या जूनमध्ये तिथं जे संजीवन झालं, म्हणजे विश्वासाला जी नवी जाग आली, त्याच्या गोष्टी आपण हौसेनं सांगतो. त्याआधीच्या वर्षांमधला प्रामाणिकपणा मात्र सांगायचा राहून जातो.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, मग मार्क 11:24 चं काय? ‘तुम्ही प्रार्थना करून जे काही मागाल ते आपल्याला मिळालेच आहे असा विश्वास धरा.’ वचन आहे, आणि मी ते पातळ करणार नाही. पण ज्यानं ते उच्चारलं त्यानंच मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनंती केली, पुन्हा पुन्हा केली, आणि प्रत्येक वेळी निर्णय पित्यावर सोडला. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

शिवाय 24 वं वचन भिंतीवर लावणारे पुष्कळ, 25 वं लावलेलं मी कुठं पाहिलं नाही. तिथं लगेच म्हटलंय की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असल्यास त्याची क्षमा करा. डोंगर उपटून समुद्रात टाकण्याच्या गोष्टीला लागूनच ही अट येते. डोंगर त्यामानानं सोपा वाटावा! बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद, कोर्टात तारखा चालू, आणि प्रार्थनासभेत आपण पंधरा मिनिटं ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या’ म्हणत गावातल्या शांतीसाठी मागतो. मला विचाराल तर प्रार्थनेतला खोटेपणा शंकेतून येत नाही, तो इथून येतो. शंका निदान देवाला सांगता येते. भावाचं नाव तर आपण प्रार्थनेत घेतच नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू याहून पुढे जातो. अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. चूक कोणाची, याची तिथं चौकशी नाही. उपासना अर्धवट राहिली तरी प्रभूला चालते. तेव्हा येत्या रविवारी कोणी प्रार्थनेतून मध्येच उठून बाहेर निघाला, तर पाळकसाहेबांनी त्याला कृपा करून खाली बसवू नये.