एका डोळ्यातून अख्खं शिवार

निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठचं रान. सऱ्या भिजल्यात. बायका वाकून उसाच्या टिपऱ्या, म्हणजे कांडीचे तुकडे, चिखलात दाबत चालल्यात. टिपरीवरचे डोळे सरीच्या दोन्ही बगलांना, कारण डोळा खाली गेला तर कोंब वर यायला उशीर लागतो.

ही टिपरी हातात घेऊन बघू. पेऱ्यावर खपल्यांनी झाकलेला हा फुगीर डोळा. त्याच्या पातळीवर कांडीला वेढून बारीक ठिपक्यांची पट्टी आहे. एकेक ठिपका म्हणजे एकेक मूळ, ओलीची वाट बघत बसलेलं. ओल लागली की ठिपक्यांतून मुळं सुटतात, डोळ्यातून कोंब. ना पराग, ना बी. जी जनुकं आईची, तीच लेकीची. शास्त्रात याला अलैंगिक प्रजनन म्हणतात. आपल्याकडं नुसतं ‘लावण’.

उसाला तुरा येतो, नाही असं नाही. पण तुऱ्यातलं बी पेरलं तर प्रत्येक रोप निराळं निघतं. त्यातून निवड करायची, हे काम कोइमतूरच्या ऊस संस्थेत १९१२ पासून चालू आहे. को ८६०३२ हा वाण असाच एका रोपातून निघाला आणि २००० साली शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. म्हणजे चिकोडीत असो वा अथणीत, जिथं हा वाण उभा आहे तिथं ते एकच रोप उभं आहे! ऊस तोडल्यावर बुडख्यातून खोडवा फुटतो तोही त्याचाच. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बांधावर बराच वेळ उभा राहिलो होतो.

बेळगावच्या पश्चिमेकडं लाल मातीत रताळ्याचे वेल तोडून लावतात, केळीच्या बुडातून मुनवे काढतात. रीत तीच.

मग २००२ साल आलं. सांगलीकडं आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात उसाच्या पानाखाली पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी दिसू लागलं. लोकरी मावा. याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट जिवंत पिल्लं देते, त्याही माद्याच. पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्या पोटात पुढची पिल्लं धरू लागतात. आजी, आई, नात एकाच अंगात! पानं चिकट झाली, मग काजळीनं काळी पडली. डोक्यावर गेलेल्या उसात फवारायला शिरणार कोण?

धावून आल्या त्या डिफा पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस नावाचा किडा. हे दोघंही नर-मादीच्या जोडीनं वाढणारे, आणि मावा हेच त्यांचं खाणं. शेतकऱ्यांनी अळ्या असलेली पानं कापून दुसऱ्यांच्या रानात नेऊन सोडली.

आता पुन्हा वेदगंगेकाठच्या रानात, लावणीसाठी आणलेल्या उसाच्या, म्हणजे बेण्याच्या ढिगाकडं या. लेक आईसारखीच निघते, आणि आईच्या अंगातला रोगही टिपरीतून तिच्याकडं येतो. म्हणून हा जाणता हात ऊस उभा चिरून बघतोय. आत पांढरा, रसाळ. हा बेण्याला. पुढचा चिरला: गाभा लालसर, मधे पांढरे आडवे डाग, आंबूस वास. लाल कूज.

तो ऊस ढिगातून बाहेर.