गिलरेच्या चित्रांत रंग भरणारे हात

(पडद्यावर एकाच व्यंगचित्राच्या दोन प्रती, शेजारी शेजारी.)

चित्र एकच आहे. डावीकडे उंच काटकुळा विल्यम पिट, म्हणजे ब्रिटनचा पंतप्रधान, उजवीकडे टोपीत जवळजवळ बुडालेला नेपोलियन, आणि मधे ताटात वाफाळतं पुडिंग, जे खरंतर पृथ्वीचा गोळा आहे. पिट समुद्राचा भलामोठा तुकडा कापून घेतोय, आणि नेपोलियन खुर्चीतून अर्धा उठून, हात लांबवून, तलवारीनं युरोप ओढतोय. इंग्लिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं ‘द प्लम-पुडिंग इन डेंजर’, २६ फेब्रुवारी १८०५. नेपोलियन बुटका होता असं आपण सगळे मानून चाललोय ना, त्याचं बरंचसं श्रेय या गिलरेलाच जातं, खरा नेपोलियन त्या काळच्या मानानं चांगला मध्यम उंचीचा होता.

आता रंग बघा. एकीत लाल गडद, दुसरीत फिका, एकीत सावली दोनदा फिरवलीये, दुसरीत एकाच हातात उरकलंय. मग यातली ओरिजिनल कुठली? तर दोन्ही.

कारण गिलरे रंगवायचा नाही, तो कोरायचा. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईनं रेघा, मग ॲसिड, आणि अक्षरं सगळी उलटी लिहायची म्हणजे कागदावर सुलटी येतात. पत्रा शाईनं भरायचा, वरची शाई पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. हे सगळं काळंपांढरं. रंग नंतर, वॉटरकलरनं, प्रत्येक कागदावर हातानं, समोर एक नमुना ठेवून. ते हात कुणाचे होते याची नोंद जवळपास कुठेच नाही. गिलरेचं नाव राहिलं, प्रकाशक हॅना हम्फ्रीबाईंचं नाव तर या छापावर पत्त्यासकट आहे, २७ सेंट जेम्स स्ट्रीट, लंडन. रंगवणारे मात्र गायब. साधा छाप स्वस्त आणि रंगीत महाग, म्हणजे दुकानाचा वरचा पैसा याच लोकांच्या ब्रशमधून यायचा, तरी ही गत.

(पडद्यावर ‘व्हेरी स्लिपी-वेदर’, १८०८.)

हे त्याच दुकानाचं चित्र, गिलरे याच दुकानाच्या वर राहायचा. रस्त्यावर एक म्हातारा घसरून आपटलाय, टोपी उडालीये, पण हातातला थर्मामीटर मात्र शाबूत धरलाय! आणि मागे खिडकीच्या प्रत्येक काचेत व्यंगचित्रं लावलेली, लोक रस्त्याकडे पाठ करून त्यातच गुंग, म्हाताऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. विकत घ्यायला पैसे नसतील तर हे फुकटचं प्रदर्शन, रोज.

नकला तेव्हाच सुरू झाल्या होत्या बरं का. जर्मनीत वायमारहून १७९८ पासून ‘लंडन उंड पारिस’ नावाचं मासिक निघायचं, त्यात गिलरेची चित्रं लहान करून नव्यानं कोरायचे, परत हातानं रंगवायचे, आणि सोबत जोक समजावणारा लांबलचक लेख. पुढे गिलरेचं डोकं फिरलं, १८१५ ला तो गेला, आणि त्याचे मूळ पत्रे बऱ्याच वर्षांनी हेन्री बोन नावाच्या प्रकाशकाकडे आले. त्यानं १८५० च्या आसपास परत छापले, जाड कागदावर, पाठपोट, बिनरंगाचे, वर कोपऱ्यात नंबर टाकून. आता गंमत अशी की हे बोनचे कागद पुढे कुणी कुणी रंगवले, त्यामुळे पत्रा गिलरेचा, छाप त्याच्या मरणानंतरचा आणि रंग अजून कुणाचा तरी. याला नक्कल म्हणायचं का, तर मला विचाराल तर रंगापुरतं सगळंच नक्कल आहे, पहिल्या दिवसापासून.

आजही कुणी हातानं रंगवतं तेव्हा कृती फारशी बदललेली नाही. म्युझियमच्या हाय-रिझोल्यूशन फाइलवरून रेघा कॉटन पेपरवर छापायच्या, शाई पाण्यानं न पसरणारी हवी नाहीतर पहिल्याच हातात पिटचं नाक वाहून जातं. मग पातळ, पारदर्शक रंग, खालची रेघ दिसलीच पाहिजे. आणि रंग थोडा रेघेबाहेर जाऊ द्यायचा! जुने लोक घाईत असायचे, ढीग संपवायचा असायचा. पोरांच्या कलरिंग बुकसारखं काठोकाठ नीट भरलेलं गिलरे बघितलं की लगेच कळतं, हे कालपरवाचं आहे.

(पडद्यावर ६ डिसेंबर १७९१ चा छाप.)

शेवटी हे एक, कारण यात आपलाही संबंध आहे. मे १७९१ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या राजधानीपर्यंत, श्रीरंगपट्टणमपर्यंत पोचला, पण धान्य संपलं, बैल मेले, पाऊस आला, आणि स्वतःच्या तोफा स्वतःच फोडून त्याला मागे फिरावं लागलं. वाटेत त्याला भेटले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन, मराठ्यांची फौज, आणि तिच्याबरोबरचा भरलेला बाजार. धान्य मिळालं, भाव मात्र चढा. लंडनला बातमी पोचल्यावर गिलरेनं काय काढलं, तर टिपू तटावर उभा राहून पळत्या कॉर्नवॉलिसवर चक्क लघवी करतोय, आणि मथळा, ‘मान्सूनचं आगमन’. फडके-पटवर्धनांवर त्यात काहीच नाही, लंडनच्या गिऱ्हाईकाला त्यांचं काय पडलं होतं म्हणा.

आणि हे रंगवायला घेतलं की पहिला प्रश्न हाच, ती धार पिवळी करायची की पावसाची म्हणून निळसर? पिवळी केली तर टिपूचा जोक, निळी केली तर मान्सूनचा. मी पिवळीच केली असती, पण फार पातळ.