कंपनीचा फोन घेताना

नमस्कार श्रोतेहो.

नवा फोन घ्यायचा म्हटलं की आपण दोन फोन शेजारी ठेवतो आणि ताडून बघतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, स्टोरेज किती, बॅटरी किती. सुटा फोन घेणार असाल तर तेवढ्यावर बऱ्यापैकी भागतं. पण जगात कितीतरी लोक फोन घेतात तो थेट मोबाईल कंपनीकडून. जिचं सिमकार्ड, तिचाच फोन, आणि पैसे महिन्याच्या बिलातून हप्त्यानं. असा फोन घेताना तुलनेची सुरुवात दुसरीकडून करावी लागते. फोनच्या नावापासून नव्हे, मॉडेल नंबरापासून. हे मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण कानावरून चटकन निघून जातं. नाव नव्हे, मॉडेल नंबर.

असं का म्हणते, त्यासाठी 2010 सालची एक हकिकत ऐका. मला ती फार आवडते आणि सांगायला घेतली की ती लांबते, पण आजचा सगळा विषय तिच्यातच आहे.

सॅमसंगनं 2010 च्या मार्चमध्ये गॅलेक्सी एस हा फोन जाहीर केला. चार इंची सुपर अमोलेड पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, मागे पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा. पुढं घराघरांत पोचलेल्या गॅलेक्सी एस मालिकेतला हा पहिला. अमेरिकेत त्या वेळी चार मोठ्या मोबाईल कंपन्या होत्या: एटी अँड टी, व्हेरायझन, स्प्रिंट आणि टी-मोबाईल. चौघींनीही तो विकायला घेतला, पण प्रत्येकीला तो खास आपला म्हणून विकायचा होता. मग काय झालं? चार सख्खी भावंडं चार घरी दत्तक जावीत आणि प्रत्येक घरानं नवं नाव ठेवावं, तसं झालं. एटी अँड टीकडं तो झाला कॅप्टिव्हेट. टी-मोबाईलकडं व्हायब्रंट. स्प्रिंटकडं एपिक फोर-जी. व्हेरायझनकडं फॅसिनेट. पुढं लहान कंपन्यांकडं मेस्मराइझ आणि शोकेस अशीही नावं आली.

नुसती नावं बदलली असती तरी चाललं असतं. फोनही बदलले. मूळ गॅलेक्सी एसला पडद्याखाली मधोमध दाबायचं बटण होतं. अमेरिकेतल्या या भावंडांचं ते गेलं आणि त्या जागी स्पर्शाची चार बटणं आली. फॅसिनेटला कॅमेऱ्याशेजारी फ्लॅश मिळाला. कॅप्टिव्हेटला आणि व्हायब्रंटला नाही मिळाला. म्हणजे एकाच कारखानदाराचा तोच कॅमेरा, आणि रात्री फोटो काढायचा तर एकाला उजेड आहे, दुसऱ्याला नाही. समोरचा कॅमेरा चौघांपैकी फक्त एपिकला. शिवाय एपिकचा पडदा अंगठ्यानं बाजूला सरकवला की खालून पाच ओळींचा खराखुरा कीबोर्ड बाहेर यायचा, त्यामुळं तो हातात भावंडांपेक्षा चांगला जाड लागायचा. फॅसिनेटच्या शोधपट्टीत गूगलऐवजी मायक्रोसॉफ्टचं बिंग बसवलेलं होतं, आणि तेही गूगलच्याच अँड्रॉइडवर! व्हायब्रंटबरोबर मेमरी कार्डात एक अख्खा चित्रपट भरून मिळायचा.

आणि एक गोष्ट चौघांतूनही काढून टाकलेली होती. मूळ गॅलेक्सी एसमध्ये एफएम रेडिओ होता. इयरफोनची वायर लावली की तीच अँटेना, ना डेटा लागे ना सिम. अमेरिकेतल्या चारही भावंडांत तो नाही. रेडिओवर बोलणारी बाई हे सांगणारच असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण पुरात, वादळात टॉवर बंद पडतात, डेटा जातो, तेव्हा दूरच्या केंद्रावरून बातमी पोचवायला एफएम उरतो. तो ज्याच्या खिशात आहे त्याला नुकसान काही नाही आणि कधीतरी फायदा जिवाएवढा. प्रत्येक फोनमध्ये एफएम असलाच पाहिजे आणि त्यासाठी इयरफोनचं भोकही परत आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. असो, भावंडांकडं वळते.

अजून मुख्य भाग राहिलाय. समजा एखाद्यानं कॅप्टिव्हेट घेतला, पुढं त्याचं एटी अँड टीशी पटेना, आणि फोन फक्त आपल्याच सिमवर चालावा म्हणून कंपनीनं घातलेलं लॉक रीतसर उघडून त्यानं टी-मोबाईलचं सिम घातलं. फोन लागायचा, बोलणं व्हायचं. पण इंटरनेट? कासवाच्या चालीनं. कारण टी-मोबाईलचं थ्री-जी तेव्हा ज्या बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या ज्या पट्ट्यावर, चालायचं त्यातला 1700 मेगाहर्ट्झचा भाग कॅप्टिव्हेटला पकडताच येत नव्हता. नव्या घरी लॉक उघडून गेलेला फोन टू-जीवर अडकायचा. फॅसिनेट आणि एपिकची गोष्ट तर आणखी वेगळी. ते सीडीएमए या वेगळ्या नेटवर्क-पद्धतीचे फोन, त्यांत सिमकार्डाला जागाच नव्हती. लॉक उघडा नाहीतर न उघडा, दुसऱ्या कंपनीचं सिम घालणार कुठं? एपिकचं फोर-जीसुद्धा वायमॅक्स पद्धतीचं होतं. पुढं सगळ्या जगानं फोर-जीसाठी एलटीई ही दुसरी पद्धत घेतली आणि वायमॅक्स मागे पडलं.

आणि अपडेट! गूगलनं अँड्रॉइडची फ्रोयो ही आवृत्ती मे 2010 मध्ये आणली. मूळ गॅलेक्सी एसला ती त्या वर्षाच्या अखेरीकडं मिळाली. अमेरिकेतल्या भावंडांचं काय? सॅमसंगनं तयार केलेलं अपडेट प्रत्येक कंपनी आपल्या नेटवर्कवर तपासणार, त्यात आपली ॲप घालणार, मग सोडणार. व्हायब्रंटला ते जानेवारी 2011 मध्ये मिळालं. कॅप्टिव्हेटला आणि एपिकला फेब्रुवारीत. फॅसिनेटवाले एप्रिलपर्यंत वाट बघत बसले. तोवर पुढची आवृत्ती, जिंजरब्रेड, येऊन महिने झाले होते. म्हणजे फॅसिनेट घेणाऱ्याला फ्लॅश मिळाला आणि अपडेट सर्वांत शेवटी. दुकानात शेजारी ठेवून बघताना यातलं फ्लॅशचं भिंग दिसतं. अपडेट दिसत नाही, बँड दिसत नाहीत.

दोनच वर्षांनी, 2012 मध्ये, गॅलेक्सी एस थ्री आला तेव्हा सॅमसंगनं सगळ्या कंपन्यांकडं एकच नाव आणि एकच रूप ठेवलं. ग्राहकाच्या दृष्टीनं उत्तम झालं, पण त्यामुळं भेद मिटले नाहीत, ते आत गेले. 2010 मध्ये नावावरून तरी कळत होतं की हा फोन वेगळा आहे. 2016 च्या आयफोन 7 चंच घ्या. नेटवर्कशी बोलणारी चिप, म्हणजे मोडेम, काही मॉडेलांत क्वालकॉमचा, काहींत इंटेलचा. इंटेलवाला सीडीएमए नेटवर्कवर चालत नसे. बाहेरून दोन्ही हुबेहूब, डब्यावर नाव तेच. फरक फक्त मॉडेल नंबरात. म्हणून पुन्हा सांगते, नाव नव्हे, मॉडेल नंबर. तो डब्यावर असतो आणि सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या पानावर असतो. तो घेऊन फोन बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर जा आणि त्या नंबराखाली कोणते बँड आहेत ते वाचा. मग ते आपल्या कंपनीच्या बँडशी जुळवा, आणि उद्या जिच्याकडं जावंसं वाटेल तिच्याही.

वेळ थोडा उरलाय, त्यामुळं बाकीचं भराभर सांगते.

फोनवरचं बोलणं आता बहुतेक ठिकाणी एलटीईवरून जातं, त्याला व्होल्टी म्हणतात. जुनी नेटवर्क बंद होत चालली आहेत. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या मोबाईल कंपन्यांनी 28 ऑक्टोबर 2024 पासून थ्री-जी बंद करायला घेतलं, तेव्हा एक गंभीर गोष्ट पुढं आली. काही फोन रोज फोर-जीवर नीट चालत होते, पण त्यांचा तातडीचा कॉल मात्र थ्री-जीवरूनच जात होता. असे फोन तिथल्या कंपन्यांना नेटवर्कवरून बंद करावे लागले. तेव्हा विक्रेत्याला नेमकं विचारा: या मॉडेल नंबरावर तुमच्या नेटवर्कचं व्होल्टी चालतं का, आणि त्यावरून तातडीचा कॉल जातो का?

आता लॉक. कॅनडात 1 डिसेंबर 2017 पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकता येत नाहीत, ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून. सगळीकडं हा नियम नाही. लॉक असेल तर तो किती दिवसांनी निघतो, आपोआप निघतो की अर्ज करावा लागतो, हे करारातच वाचा. आणि बँडचं आठवतंय ना? लॉक निघालं म्हणजे फोन सगळीकडं चालेल असं नाही. लॉक वेगळं, बँड वेगळे.

पैशांचं गणित साधं आहे, फक्त ते कागदावर मांडा. महिन्याचा हप्ता गुणिले महिने, मग ते 24 असोत की 36. त्यात सुरुवातीला भरलेली रक्कम मिळवा. मग त्या फोनसाठी जो महागडा प्लॅन घ्यावा लागतो तो आणि तुम्हाला खरा पुरणारा प्लॅन यांच्यातला फरक, तोही तितक्याच महिन्यांनी गुणून मिळवा. ही बेरीज त्याच फोनच्या सुट्या किमतीशेजारी ठेवा. फोन ‘फुकट’ असं लिहिलेलं असेल तेव्हा तर नक्की ठेवा, कारण हप्ता शून्य दिसला तरी प्लॅनमधला फरक शून्य नसतो. जुना फोन देऊन मिळणारी सवलतही बहुधा एकदम मिळत नाही, दर महिन्याच्या बिलात थोडी थोडी वळती होते. मध्येच कंपनी सोडली की राहिलेली सवलत जाते आणि राहिलेले हप्ते मात्र भरावे लागतात.

वापरलेला फोन घेताना हीच काळजी जास्त घ्यायची. आधीच्या मालकानं हप्ते थकवले असतील तर कंपनी तो फोन काळ्या यादीत टाकू शकते, मग कॅमेरा चालेल, गाणी वाजतील, पण नेटवर्क मिळणार नाही. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पुन्हा सांगते: स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या एका फोनचा ओळख क्रमांक, पडद्यावर येईल. तो डब्यावरच्या नंबराशी जुळवा, कंपनीला देऊन तपासून घ्या, आणि मगच पैसे द्या.

नमस्कार.