पाठ करून बसणं

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या शेजारच्या काकू मला दर आठवड्याला एकच प्रश्न विचारतात, "तिथं जाऊन तुला मिळतं तरी काय गं?" तिथं म्हणजे गावाबाहेरचं भटक्या कुत्र्यामांजरांचं शेल्टर. निवृत्त झाल्यापासून, गेली चार वर्षं, मंगळवारी आणि शनिवारी मी तिथं जाते. पगार नाही, रिक्षाचे पैसे माझेच. घरी आल्यावर दारातून थेट न्हाणीघरात जायचं, असा आमच्या ह्यांचा वटहुकूम आहे.

काकूंना वाटतं, मी पुण्य जमवते. मी उभा जन्म बँकेत काढला. जी रक्कम दिसत नाही, ती मी खात्यात मांडत नाही.

शेल्टर म्हटलं की मांडीवर पिल्लू घेतलेला फोटो डोळ्यांसमोर येतो. माझ्या हातात पहिले तीन महिने खराटाच होता. त्याच्याही आधी रेबीजची लस. कुत्रं चावायच्या आधीच ती घेऊन ठेवता येते, हे मला साठीत कळलं. तरी चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. हे मात्र श्रोतेहो, शेल्टरला जा न जा, लक्षात ठेवा.

स्वयंपाक मोठ्या पातेल्यात. भात, कोंबडीचे पाय, चिमूटभर हळद. कांदा-लसूण वर्ज्य. सोवळ्यासाठी नव्हे हो, कुत्र्यांच्या रक्ताला तो बाधतो म्हणून. मांजरांच्या खोलीत फिनेल चालत नाही, त्यांना ते विषारी. चाळीस वर्षं संसार केला, पण यातलं काही ठाऊक नव्हतं.

आता तांबूचं सांगते. तांबूस रंगाची कुत्री, गाडीनं उडवलेली, मागचा पाय मोडलेला. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून थरथरत बसायची. मी आपली "ये गं बाळा, ये" करत पुढं सरकले, तशी ती भिंतीत शिरायला बघायला लागली. तिथं बरीच वर्षं काम करणारा पोरगा मागून म्हणाला, "मावशी, तिच्याकडं बघू नका. बोलू पण नका. पाठ करून बसा."

बसले. पेपर घेऊन, स्टुलावर, पाठ करून. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत जीव मेटाकुटीला आला. काहीच न करता बसणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. चौथ्या आठवड्यात कोपराला काहीतरी ओलं, गार लागलं. नाक. पायाला मुंगी चावत होती, तरी मी हलले नाही.

त्याच पावसाळ्यात आमच्या मुलाची नोकरी गेली. घरी आला आणि खोलीचं दार लावून घेतलं. पूर्वीची मी असते, तर दारावर थापा मारून "काय झालं, कसं झालं, साहेब काय म्हणाले" असा भडिमार केला असता. या वेळी मी बाहेर गवार मोडत बसले, दाराकडे पाठ करून. तिसऱ्या दिवशी तो येऊन शेजारी बसला आणि माझ्या पुढ्यातली गवार स्वतःकडे ओढली.

सगळं असं गोड नसतं. एकदा सकाळी फाटकाशी खोक्यात पाच पिल्लं सापडली, पार्व्हो झालेली. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूरोग. दोन जगली. तिघांना मी चिंधीत गुंडाळलं. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. हे गाळून नुसतं तांबूचं सांगितलं, तर ती जाहिरात होईल.

तांबूचा पाय जुळला, नसबंदी झाली, लस झाली, ओळखीची खूण म्हणून कानाचं टोकही किंचित कापलं. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या सरकारी नियमांप्रमाणे असं कुत्रं जिथून आणलं तिथंच नेऊन सोडायचं. शाळा, इस्पितळांच्या आवारांबाबत २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा वेगळा आदेश आला. त्या वादात आज शिरत नाही. वाद तसा जुनाच. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्यावरून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली. दोनच वर्षांनी जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकारानं तिथला पांजरापोळ, म्हणजे बेवारस जनावरांचा आसरा, उभा राहिला.

तर तांबूला आम्ही रिक्षास्टँडवर नेलं. गाडीचं दार उघडलं तशी तिनं उडी मारली, विजेचा खांब हुंगला आणि चहाच्या गाडीखाली जाऊन अंग टाकलं. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतके महिने कोपराला नाक लावणारी ती, निदान एकदा शेपूट तरी!

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, चहा घेऊ." आम्ही बाकड्यावर बसलो. मी सवयीनं चहाच्या गाडीकडे पाठ केली होती. चहा संपला. ड्रायव्हर उठला. मी म्हटलं, "थांब रे जरा," आणि आणखी एक कटिंग सांगितला.

नमस्कार.