केस जाईल तिथे गजकर्ण

[दृश्य: खिडकीच्या उजेडात मांजराच्या पिल्लाचा कान, अगदी जवळून]

कानाच्या कडेला एक चट्टा. केस मुळापासून गळालेले नाहीत, तुटलेले आहेत. त्वचेवर राखाडी कोंडा. पिल्लू मात्र मजेत उड्या मारतंय, फारसं खाजवतही नाही. त्यामुळे कितीदा तरी हा गजकर्ण लक्षात येतो तो घरातल्या कुणाच्या तरी हातावर लालसर कडं उमटल्यावरच.

हा कुठल्या किड्याचा उपद्रव नाही, बुरशीचा आहे. मांजरांमध्ये ती बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस ही असते. केस, नखं आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर यांतलं केराटिन नावाचं प्रथिन हे तिचं खाद्य. ती केसात शिरली की केस ठिसूळ होतो, तुटतो आणि अंगावरचे असंख्य बीजाणू घेऊन गळून पडतो. गादीवर, पडद्यावर, तुमच्या बाहीवर. म्हणून चट्ट्यापेक्षा केसाकडे लक्ष हवं. उपचार असोत की साफसफाई, सगळं तिथूनच ठरतं.

[दृश्य: अंधारी खोली, जांभळा दिवा, केसांवर हिरवी चमक]

हा वूड्स लॅम्प. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने 1903 मध्ये शोधलेल्या प्रकाशाच्या गाळणीवर चालणारा. याच्या उजेडात मायक्रोस्पोरमने धरलेले केस कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकतात. मलमाचे डाग आणि धूळही चमकतात बरं का, त्यामुळे चमक केसाच्या काडीत आहे ना, हे पाहावं लागतं. आणि काहीच चमकलं नाही म्हणून गजकर्ण नाही, असंही नाही. खात्रीसाठी नव्या कोऱ्या टूथब्रशने पिल्लाचं सगळं अंग विंचरतात आणि त्या केसांवरची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात. त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. लक्षणं स्पष्ट असतील तर पशुवैद्य तेवढं थांबत नाहीत.

उपचार दोन्ही बाजूंनी करावे लागतात. पोटातलं औषध, म्हणजे बहुधा इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन, केसांच्या मुळाशी काम करतं. इट्राकोनॅझोल अनेकदा एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं, असं देतात. कारण ते त्वचेत आणि केसात नंतरही टिकून राहतं. मात्रा पिल्लाच्या वजनावर ठरते. माणसांची कॅप्सूल उघडून अंदाजाने चिमूटभर भरवणं हा जिवाशी खेळ आहे.

पण गोळीने केसाच्या बाहेर चिकटलेले बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून दोनदा सगळ्या अंगाला औषधी द्रावण लावायचं. चुना आणि गंधक यांचं द्रावण जुनं, पण आजही भरवशाचं. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पांढरं पिल्लू पिवळट दिसू लागतं, हातातली चांदी काळी पडते. तरी ते धुवायचं नाही, अंगावरच वाळू द्यायचं. वाळेपर्यंत पिल्लाला चाटू देऊ नका आणि उबेत ठेवा. लहान पिल्लं फार लवकर गारठतात. नुसत्या चट्ट्याला मलम लावणं मला तरी अर्धवट काम वाटतं. ते मलम पिल्लू चाटून टाकतं आणि शेजारचे केस तसेच राहतात. टी ट्री तेलाचा प्रयोग तर नकोच. मांजरांना ते विषारी आहे.

[दृश्य: चिकट रोलरने सोफ्यावरचे केस उचलणारा हात]

आता घर. कोरड्या जागी हे बीजाणू वर्षाहून अधिक काळ तग धरू शकतात. हे ऐकून धसका घेऊ नका: सोफ्यावर बुरशी वाढत नाही, ती फक्त पडून असते. म्हणून आधी केस उचलायचे, शक्यतो रोज. मग साबणाच्या पाण्याने पुसायचं, साबण काढून टाकायचा आणि शेवटी जंतुनाशक. केसांनी भरलेल्या फरशीवर थेट ब्लीच ओतणं म्हणजे ब्लीच वाया घालवणं. वापरायचं तर पातळ करून, पिल्लाला दुसरीकडे ठेवून आणि दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये न मिसळता. मिसळलं तर विषारी वायू तयार होतो. पिल्लाची अंथरुणं वेगळी, दोनदा धुवा, मशीन ठासून न भरता.

पिल्लाला सहज पुसता येईल अशा एका खोलीत ठेवायचं. पण कोंडून टाकायचं नाही. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी जुळवून घ्यायला शिकतं. तेव्हा एकटं पडलं तर चट्टा जातो, बुजरेपणा राहतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून आत जा, खेळा, मांडीवर घ्या. बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा आणि कपडे बदला. लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र लांबच राहावं. घरातल्या इतर मांजरा-कुत्र्यांनाही तपासून घ्या. माणसाला चट्टा उठलाच तर डॉक्टरांना दाखवा; स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने लाली दबते आणि बुरशी आत फोफावते.

[दृश्य: चट्ट्याच्या जागी उगवलेली मऊ लव]

केस उगवले की औषध थांबवण्याचा मोह होतो. पण थांबायचं पशुवैद्यांनी सांगितल्यावरच, आणि ते पुन्हा टूथब्रशची तपासणी करून ठरवतात. कधी पिल्लू ठणठणीत दिसतं, तरी अहवालात थोडीशी बुरशी सापडते. अशा वेळी त्याला औषधी द्रावण लावून, वाळवून पुन्हा नमुना घेतात. या खेपेला काही उगवलं नाही, तर आधीचे बीजाणू घरातल्या धुळीतून अंगाला चिकटलेले असण्याची शक्यता मोठी. मग औषध वाढवण्याऐवजी सोफ्याखाली एकदा वाकून बघायचं.